एकसारखे दोन रिमोट

आमच्या घरात मुलांसाठी काहीही आणलं तरी ते दोन आणायचं आणि सारखंच आणायचं, असा नियम होता. मुलं म्हणजे मी आणि माझा चुलतभाऊ ओंकार. मी मोठ्या भावाची, तो धाकट्याचा, आमच्यात जेमतेम काही महिन्यांचं अंतर. नियम आजोबांनी घालून दिला होता. ते गेल्यावरही आईने आणि काकीने तो पाळला, कारण एकत्र घरात भांडणं कशावरून सुरू होतात हे दोघींना चांगलं ठाऊक होतं. एकाच ताग्यातून त्याचा शर्ट निघायचा आणि माझा फ्रॉक, त्यामुळे दिवाळीच्या सगळ्या फोटोंत आम्ही एकाच पडद्याचे दोन तुकडे दिसतो. त्याला बॅट आणली की मलाही बॅट. अगदी लहान असताना मला बांगड्या आणल्या, तेव्हा काकीने हट्टाने त्याच्यासाठीही तशाच आणल्या आणि तो त्या घालून बालवाडीत गेला. मला या नियमाचा तेव्हा फार अभिमान वाटायचा. आता त्याचा थोडा राग येतो, आणि तो का, ते पुढे येईलच.

आमची वस्ती राहुरीच्या पुढे, कालव्याच्या कडेला. घर लांबलचक. मागे ओळीने खोल्या आणि पुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पडवी, वर पत्रा. सगळा संसार त्या पडवीतच चालायचा. जेवणं तिथे, अभ्यास तिथे, शेंगा फोडणं तिथे आणि टीव्हीही तिथेच. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्याने ट्रॅक्टर जायचे, मागे भरलेल्या ट्रॉल्या आणि कानठळ्या बसतील अशी गाणी, आणि ते लांब गेल्यावरही पत्रा थोडा वेळ थरथरत राहायचा. संध्याकाळी काकी शेंगुळे करायला बसली की हुलग्याचा आणि लसणाचा वास पार गोठ्यापर्यंत जायचा. ती पीठ वळायची, आई भाकरी थापायची आणि दोघी मिळून शेजारच्या वस्तीवरच्या बायकांची यथेच्छ निंदा करायच्या. तसं पोटभर जेवण मला पुन्हा कुठे मिळालं नाही.

माझ्या वडिलांना आम्ही दोघंही अण्णा म्हणायचो आणि ओंकारच्या वडिलांना तात्या. अण्णा कमी बोलणारे, सगळं मनात ठेवणारे. तात्या गडगडाटी हसणारे आणि रागावले की तितकेच मोठ्याने रागावणारे. अण्णा त्यांना बाळू म्हणत, आणि चारचौघांतही म्हणत. दोघं पोरसवदा होते तेव्हा आजोबांनी बाजारातून टीव्हीला जोडायचा एक गेम आणला होता, कॅसेट घालून चालणारा. त्यात दोन जीपगाड्या, एक लाल आणि एक हिरवी, आणि नदीवरचा एक पूल. शत्रू दोन्ही काठांनी यायचा आणि दोघांनी मिळून पूल राखायचा. पूल पडला की दोघंही हरले. त्या गेमच्या गोष्टी आम्ही जेवताना इतक्या वेळा ऐकल्या होत्या की न खेळताच तो आम्हाला पाठ होता. तात्यांची जीप लाल आणि ती कायम डाव्या काठाला. तात्या म्हणायचे, "पयला डाव म्या डोळं झाकून खेळायचो. नुसत्या आवाजावर." मग अण्णा ताटातून मान वर न करता म्हणायचे, "डोळं झाकून खेळायचा, आन उजवीकडचं समदं माझ्या गळ्यात. वर त्या कडंच्या खडकावर उगंच तीन गोळ्या झाडल्याबिगर ह्यो पुढं जायचा न्हाई." तात्या म्हणायचे, "ती सलामी हुती." आणि सगळी पडवी हसायची.

भांडण कशावरून झालं असं विचारलं असतं तर दोघांनी दोन वेगळी कारणं सांगितली असती. मला दिसलं ते एवढंच. सामाईक विहिरीवरची मोटर दोघं आळीपाळीने चालवायचे, आणि ती तात्यांच्या पाळीला जळाली. तात्या म्हणाले, अण्णांनीच आदल्या दिवशी ती नको तितकी चालवली. अण्णा काहीच म्हणाले नाहीत, आणि त्या गप्प बसण्याचा तात्यांना जास्त राग आला. त्याआधीही बरंच साचलेलं असणार. अशा गोष्टी एका मोटरीने होत नाहीत. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनात. बोलायचं असलं की आमच्यापैकी कुणाला तरी मधे घालायचे. "तुझ्या चुलत्याला सांग, कालव्याला पानी सुटलंय." चुलता समोरच बसलेला असायचा. मी मान वळवून तेच वाक्य पुन्हा म्हणायचे आणि मला रडू यायचं. मग काकीने मागच्या खोलीत वेगळी चूल मांडली. एकाच वेळी दोन फोडण्यांचा वास यायचा, दोन्ही आमट्यांचा, दोन्ही तशाच, आणि मला एकीकडचीही भाकरी गोड लागेना. दिवाळी झाली की वाटणी करायची, असं ठरल्याचं कानावर आलं.

आम्हा दोघांना घर फुटायला नको होतं. इतकं साधं होतं ते. पण दहावीतल्या पोरांना घरात कोण विचारतं? आमच्याजवळ होता फक्त एक बोर्ड. विज्ञान प्रदर्शनात आम्ही मोबाईलवरून ठिबकचा व्हॉल्व्ह उघडून दाखवायचा प्रकल्प केला होता. व्हॉल्व्ह उघडला खरा, पण तो बंदच होईना आणि प्रमुख पाहुण्यांचे बूट भिजले. बक्षीस गेलं, पण सरांनी बोर्ड आमच्याकडेच राहू दिला. पत्त्यांच्या कॅटाएवढी हिरवी पाटी ती, पण टीव्हीला जोडली की तिचा चक्क कॉम्प्युटर व्हायचा. तिच्यावर जुने गेम चालतात हे ओंकारने शोधून काढलं आणि शोधता शोधता एके दिवशी त्याला तो पुलाचा गेम सापडला. तो धावत गोठ्यात आला. मी शेणाची पाटी उचलत होते.

"ऋतू, दोघांला एकदा शेजारी बसवायचं," तो म्हणाला. "बसली ना, तर बोलतील. त्या गेमात बोलावंच लागतंय. डावीकडनं आलं, उजवीकडनं आलं, एकमेकाला सांगावंच लागतंय."

मी पाटी खाली ठेवली. त्याहून चांगली युक्ती मला आजही सुचणार नाही.

दिवाळीच्या खरेदीला आई आम्हा दोघांना नगरला घेऊन गेली. चुली वेगळ्या झाल्या होत्या, पण आजोबांचा नियम अजून कुणी मोडला नव्हता. कपडे घेतल्यावर आम्ही तिला सावेडीतल्या मोबाईलच्या एका दुकानात ओढत नेलं, आणि यंदा फटाके नकोत, त्याऐवजी रिमोट हवेत, असं सांगितलं. त्याला खरं तर कंट्रोलर म्हणतात, पण आमच्या घरात ज्याला बटणं त्याला रिमोट. वायर नसलेला, दोन्ही हातांत धरायचा. दुकानदाराने काळा रिमोट काढला. एका मोठ्या कंपनीच्या मालाची हुबेहूब नक्कल होती ती. आतून काय असेल ते असो, बाहेरून ओळखू येणार नाही अशी. पण समोर तेवढा एकच होता. दुसरा निळा होता आणि तो वेगळ्याच कुणीतरी बनवलेला. दुकानदार म्हणाला, "ताई, एक हा घ्या, एक तो घ्या. दोन्ही चालतात."

"न्हाई," आई म्हणाली. "दोघांला बी सारखाच पायजे. ह्याला काळा आन् तिला निळा केलं तर घरी मला जाब द्यावा लागंल."

दुकानदाराने कपाळाला आठ्या घालत पोऱ्याला माळ्यावर चढवलं आणि धुळीने माखलेला दुसरा काळा बॉक्स काढायला लावला. आईने दोन्ही रिमोट शेजारी शेजारी धरून, तांदूळ निवडताना बघावं तसे निरखून बघितले आणि समाधानाने पिशवीत टाकले. आज त्या दुकानात जाऊन तो निळा रिमोट मागावा असं मला कितीदा वाटलं आहे. दुकान आता राहिलेलं नाही, तिथे चष्मे मिळतात.

रिमोट बोर्डाला जोडण्याची रीत सांगायला सोपी आहे. आधी केबल लावायची, मग बोर्ड रिमोटला आपली ओळख देतो. केबल काढून मधलं बटण दाबलं की रिमोटवरचे चार लाल दिवे एकामागून एक पळायला लागतात. तो बोर्डाला हाक मारत असतो. बोर्डाने ओ दिली की दिवे थांबतात आणि एकच उरतो. आमचे दिवे थांबेनात. माल नकली होता आणि आमचा बोर्ड असल्या पाहुण्याला दारात घ्यायला तयार नव्हता. मग इंटरनेटवर धुंडाळणं आलं. कुठल्या तरी देशातल्या कुणीतरी असलीच नक्कल घेऊन आपलं डोकं फोडून घेतलं होतं आणि काय बदलायचं ते ओळीओळीने लिहून ठेवलं होतं. ते इंग्रजी आम्ही डिक्शनरी घेऊन वाचलं. मी टाइप करायचे, ओंकार मोबाईलवरचं अक्षर न् अक्षर वाचून दाखवायचा. नेमकी वीज जायची, मेमरी कार्ड बिघडायचं आणि सगळं पहिल्यापासून. आई येता जाता म्हणायची, "त्या काडेपेटीत काय जीव घालवताय रे?" त्या दिवसांत घरात कुणी मोठ्याने हसत नव्हतं. दोन्ही चुलींवरून नुसते भांड्यांचे आवाज यायचे आणि आम्ही दोघं पडवीच्या कोपऱ्यात त्या पळणाऱ्या दिव्यांकडे बघत बसायचो. हे जमलं तर घर राहील, अशी आमची पक्की समजूत झाली होती.

शेवटी माझ्या रिमोटचा दिवा थांबला. ओंकार तेव्हा वैरण आणायला गेला होता. मी एकटीनेच लाल जीप पुलावरून या टोकाला त्या टोकाला नेऊन बघितली. दुसऱ्या दिवशी त्याने त्याचा रिमोट जोडला, तेव्हा मी दळण आणायला गेले होते. चार्जिंगची धड केबल आमच्याकडे एकच होती, त्यामुळे एक रिमोट भरलेला असला की दुसरा रिकामा. दोन्ही एकदम लावून बघायची वेळच आली नाही, आणि खरं सांगायचं तर गरजही वाटली नाही. माझा चालत होता, त्याचा चालत होता. दोन्ही अगदी सारखे होते. दोन्ही मिळून चालणार नाहीत हे कुणाच्या मनात येईल?

भाऊबीजेला आत्या नेवाशाहून आली. अण्णा आणि तात्या यांच्यामधली ही बहीण अंगाने लहानखुरी, पण दोघंही तिला वचकून असायचे. चुली वेगळ्या बघून ती दारातच रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "पाट दोन मांडा, पर शेजारी." दोघं भाऊ मुकाट्याने बसले. एकमेकांकडे न बघता दोघांनी कपाळ पुढे केलं. तिने ओवाळलं. त्या दिवशी पुरण तिने स्वतः शिजवलं, एकाच चुलीवर, आणि दोन्हीकडच्या पोळ्या एकाच टोपल्यात ठेवल्या. आम्ही आमचा बेत तिच्या कानात आधीच सांगितला होता. जेवणं होत आली तशी ती म्हणाली, "पोरांनी काय तरी केलंय म्हनत्यात. उठायचं न्हाई कुनी."

ओंकारने टीव्ही लावला. त्या गेमची सुरुवातीची पिपाणीसारखी धून पत्र्याखाली घुमली आणि तात्यांचा हात ताटातच थांबला. "आरं, ह्ये कुठनं आनलं?" ते म्हणाले. हे त्यांनी ओंकारला विचारलं होतं, पण बघत होते अण्णांकडे. अण्णांच्या मिशीखाली काहीतरी हललं. काकी पदराला हात पुसत दारात आली, आई चुलीपुढून उठली. आम्ही दोघांच्या हातात एक एक रिमोट दिला. त्या क्षणी मला फार आनंद झाला होता.

आधी अण्णांनी मधलं बटण दाबलं. दिवे पळाले, थांबले. मग तात्यांनी दाबलं. त्यांचेही दिवे पळाले आणि थांबले, आणि त्याच क्षणी अण्णांचे पुन्हा पळायला लागले. पडद्यावरची जीप तात्यांच्या हातात गेली. अण्णांनी पुन्हा बटण दाबलं. त्यांचा दिवा थांबला आणि तात्यांची जीप जागच्या जागी उभी राहिली. ओंकार खाली बसून घाईघाईने काहीतरी टाइप करू लागला. मी म्हणाले, "थांबा, थांबा, होईल." दोघं आळीपाळीने बटणं दाबत राहिले. एकाचं चालू झालं की दुसऱ्याचं बंद. पहिल्यांदा आत्या हसली. मग कुणीच हसेना. पडद्यावरचा पूल दोनदा पडला.

"बघ," तात्या म्हणाले. आवाज हसरा होता, पण तो तसा राहणार नाही हे मला कळलं. "ह्या घरात एका वक्ताला एकाचंच चालतंय. आन् ते कुनाचं, त्ये समद्यांला ठावं हाय."

अण्णा इतके दिवस गप्प होते. गप्पच राहिले असते तर बरं झालं असतं. ते रिमोट खाली ठेवत म्हणाले, "तुझ्या हातात गेलं की बंदच पडतंय, बाळू. मोटर बी तशीच पडली."

तात्या उठले. पोळी अर्धी तशीच ठेवून, हात न धुता ते पडवीतून बाहेर गेले. आत्याने "बाळू, आरं बाळू," म्हणून हाक मारली आणि ती त्यांच्या मागे अनवाणी विहिरीपर्यंत गेली. ती परत आली ती एकटीच. काकीने तात्यांचं ताट उचललं आणि मागच्या खोलीत नेलं. टीव्हीवर ती धून वाजतच होती. ती बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

दुपारी आम्ही एक एक रिमोट केबलने जोडून बघितला. प्रत्येक रिमोटला त्याचा स्वतःचा एक नंबर असतो. त्यावरूनच बोर्ड त्याला ओळखतो. जगात कुठल्याही दोन रिमोटांचा नंबर एक नसावा अशी रीत आहे. नक्कल करणाऱ्यांनी ती कशाला पाळावी? माझ्या आणि ओंकारच्या रिमोटचा नंबर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच होता. दोन शेतांना तलाठ्याने एकच गट नंबर लावावा तसं झालं होतं. बोर्डाच्या लेखी ते दोन रिमोट नव्हतेच, एकच होता. एक जण आत बसलेला असताना पुन्हा तोच दाराबाहेरून हाक मारतो म्हटल्यावर त्याने आतल्याला बाहेर काढलं. आईने निळा घेतला असता तर दोन्ही बिनघोर चालले असते. हे मी तिला कधीच सांगितलं नाही आणि या प्रकरणातला हा भाग तिला कुणी वाचून दाखवू नये अशी माझी इच्छा आहे.

ओंकार ते सांगायला धावतच तात्यांकडे गेला. मी मागे होते. तात्या बांधावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"रिमोटचा दोष आसंल," ते म्हणाले. "पर बोलला तो रिमोट न्हवता."

वाटणी मग लांबली नाही. आमच्याकडे वाटे थोरल्याने करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे. वाटे करणाऱ्याला आपल्याला कुठला येणार ते ठाऊक नसतं, म्हणून तो सारखेच करतो. अण्णांनी जमिनीचे, जनावरांचे, भांड्यांचे दोन वाटे केले आणि तात्यांनी खाली बघत उचलले. आम्हा पोरांच्या वस्तूंचंही तसंच करा, असं कुणीतरी म्हणालं. रिमोट ज्याचा त्याच्याकडे राहिला. उरली आम्हा दोघांची मिळून असलेली सायकल आणि बोर्ड. मी थोरली, म्हणून वाटे मी केले, एकीकडे सायकल आणि एकीकडे बोर्ड. ओंकारने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि सायकल उचलली. बोर्डावर माझा जीव होता हे त्याला माहीत होतं. त्याचाही होता. त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. भांडून नव्हे. बापाचा अपमान झाला होता आणि त्याच्या बाजूने उभं राहायचं तर एवढंच त्याच्या हातात होतं. शाळेत तो सायकल दामटत माझ्या पुढून जायचा आणि मी चालत जायचे. इतकं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

पडवीच्या मधोमध भिंत आली. एकेरी विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली. ती पत्र्यापर्यंत मात्र गेली नाही. पत्रा उतरता असल्याने गवंड्याने वर हातभर फट तशीच सोडली आणि पुढे ती बुजवायचं कुणी नाव काढलं नाही. त्या फटीतून तिकडची फोडणी इकडे यायची, तात्यांचा खोकला यायचा, काकीच्या बांगड्या वाजायच्या. आम्ही त्यांना ऐकू जायचो म्हणून हळू बोलायचो, आणि तेही हळू बोलायचे. एकत्र असताना त्या घरात कुणी कधी हळू बोललं नव्हतं.

एका संध्याकाळी मी एकटीच तो पुलाचा गेम खेळत होते. मधेच माझ्या रिमोटचे दिवे पळायला लागले आणि जीप माझ्या हातातून सुटली. बॅटरी संपली असेल म्हणून मी बघते तर जीप आपली आपण हलायला लागली. ती जागच्या जागी गोल फिरली, पुन्हा फिरली आणि थांबली. मला आधी भीती वाटली आणि मग कळलं. भिंतीपलीकडे ओंकारने आपल्या रिमोटचं बटण दाबलं होतं. बोर्डाला काय, नंबर तोच. मी माझं बटण दाबून जीप परत घेतली, तशीच गोल फिरवली आणि सोडली. त्याला पडदा दिसत नव्हता, पण गाडी वळताना चाकांचा किर्र आवाज यायचा आणि तो फटीतून तिकडे जायचा. थोड्या वेळाने जीप पुन्हा फिरली. मी तोंडावर ओढणी दाबून रडले. पुढे बरेच दिवस आमचं बोलणं म्हणजे एवढंच होतं. तो घरी आला की जीप गोल फिरायची.

वाटणी काही मोडली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी भलती आशा धरू नये. भिंत आजही आहे. परवा वस्तीवर गेले होते तेव्हा तिला नवा रंग दिलेला दिसला, इकडून पिवळा आणि तिकडून म्हणे हिरवा. ओंकार आणि मी आता फोनवर तासन्‌तास बोलतो, पण त्या दोघांचं तसं काही झालं नाही. मी फक्त एका संध्याकाळचं सांगते आहे.

त्या दिवशी आई हरिनाम सप्ताहाच्या जेवणाला देवळात गेली होती. काकीही तिथेच होती आणि ओंकार क्लासला. मी टीव्हीपुढे बसून गेम नुकताच सुरू केला होता. अण्णा नुकतेच रानातून येऊन पायरीवर पाय धूत होते. माझे दिवे पळायला लागले. मला वाटलं, ओंकार आज लवकर आला. पण जीप गोल फिरली नाही. ती सरळ डाव्या काठाला गेली. कडेच्या मोठ्या खडकासमोर थांबली आणि तिने त्यावर तीन गोळ्या झाडल्या.

मागे तांब्या ठेवल्याचा आवाज झाला. अण्णा ओल्या पायांनीच आत आले. ते टॉवेल हातात धरून उभे राहिले आणि पडद्याकडे बघत राहिले. मी हळूच म्हणाले, "ओंकार असंल."

"ओंकार न्हाई," अण्णा म्हणाले. "बाळू हाय ह्यो."

लाल जीप डाव्या काठावरचे एकूण एक टिपत होती. बघणाऱ्याला खरं वाटलं नसतं की खेळणाऱ्यासमोर पडदा नाही, मधे एक भिंत आहे. पण उजवीकडून दुसरी टोळी आली. हिरवी जीप नव्हतीच. पूल पडला. हरल्याची धून वाजली. फटीपलीकडे कुणीतरी जोरात श्वास सोडला. पुन्हा गेम सुरू झाला, पुन्हा तीन गोळ्या, डावा काठ साफ आणि पुन्हा उजवीकडून पूल पडला. अण्णा माझ्याशेजारी जमिनीवर बसले. ते कधी बसले ते त्यांनाही कळलं नसावं. तिसऱ्या खेपेला उजवीकडच्या झाडीतून टोळी बाहेर पडली तेव्हा ते आधी पुटपुटले, "उजवीकडं." मग त्यांनी घसा साफ केला आणि रानात हाक मारतात तसं म्हणाले, "उजवीकडनं येतंय."

जीप थांबली. इतका वेळ थांबली की तात्यांनी रिमोट ठेवून दिला असं मला वाटलं. मग ती वळली, किर्र आवाज झाला आणि ती पुलावरून उजव्या काठाकडे निघाली.

"पुढं," अण्णा म्हणाले. "आजून पुढं. आता मार. मार. खाली हाय एक."

जीपने खालचा टिपला. पलीकडून एक शब्द आला नाही. अण्णा सांगत राहिले, जीप वळत राहिली. ते मधे एकदा "डावीकडचं तुझं तू बघ," असंही म्हणाले. पूल उभा राहिला. पहिला डाव संपला आणि जिंकल्याची धून वाजली, जी मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकत होते. दुसरा डाव सुरू झाला. तो तात्यांना पाठ नव्हता. आता त्यांना अण्णांच्या आवाजाखेरीज कशाचाच आधार नव्हता. अण्णा गुडघ्यांवर पुढे सरकले होते, टॉवेल जमिनीवर पडला होता, आणि इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलं नाही.

तेवढ्यात पलीकडे दार वाजलं. काकीचा आवाज आला, "आवं, ह्ये काय करताय?" आणि जीप पुलाच्या मधोमध थांबली.

आम्ही वाट बघितली. ती हलली नाही. शत्रू दोन्ही काठांनी आला आणि पूल पडला. मी माझ्या रिमोटचं बटण दाबायला गेले, तर अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "टीवी बंद करू नको."

मग ते उठले, टीव्हीजवळ गेले आणि त्यांनी आवाज वाढवला, पलीकडे नीट जाईल इतका. जमिनीवरचा टॉवेल उचलून खांद्यावर टाकला आणि पायरीवर राहिलेला तांब्या आणायला गेले.